जुनी मोटार घेतली, आता तिला लावायची कशाला?

भंगारात किंवा जुन्या बाजारात मोटार दिसली की बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, "किती एचपीची?" माझं म्हणणं आहे की पहिला प्रश्न आरपीएमचा, म्हणजे मिनिटाला किती फेऱ्या याचा, असावा. घरच्या छोट्या वर्कशॉपमध्ये अर्धा ते एक एचपी जवळपास सगळ्या कामांना पुरतो. पण १४४० फेऱ्यांची मोटार ज्या कामाला शोभते, त्याला २८८० ची लावली तर लाकूड जळतं, पात्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं, आणि ग्राइंडिंगचा दगड फुटला तर माणूसही जखमी होतो. मोटार मिनिटाला किती फिरते हे कळलं की तिचं निम्मं भविष्य ठरतं. म्हणून या लेखात आधी मोटार ओळखणं, मग तपासणं, आणि शेवटी काम, असाच क्रम ठेवला आहे.

कुठली घ्यायची, कुठली सोडायची

जुन्या मोटारींचे ढीग आपल्याकडे ठिकठिकाणी आहेत. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आहे, मुंबईत कुर्ल्याची भंगाराची दुकानं आहेत, आणि प्रत्येक तालुक्याच्या गावी मोटारी भरून देणारा, म्हणजे जुन्या कॉइल काढून नवी तार गुंडाळणारा, रिवाइंडिंगवाला असतो. हा शेवटचा सर्वात भरवशाचा. गिऱ्हाईक परत न आल्याने पडून राहिलेल्या, नव्याने भरलेल्या मोटारी त्याच्याकडे असतात, आणि आत तांबं आहे की ॲल्युमिनियम हे तो खात्रीने सांगू शकतो. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव भागात जुने साधे माग भंगारात निघतात, तेव्हा त्यांच्या मोटारीही निघतात. त्या थ्री फेज, म्हणजे कारखान्याच्या तीन फेजच्या लाइटवर चालणाऱ्या असतात, पण दणकट असतात. त्यांच्याबद्दल पुढे बोलू.

घ्यायची ती शक्यतो पायावर बसणारी, सिंगल फेज (घरच्या लाइटवर चालणारी), कपॅसिटर-स्टार्ट (कपॅसिटरच्या जोरावर सुरू होणारी), चार पोलची म्हणजे १४४० फेऱ्यांची, आणि बंद बॉडीची. बंद बॉडी म्हणजे बाहेर पट्ट्या असलेली, मागच्या पंख्याने बाहेरून गार होणारी. जाळीदार, उघड्या बॉडीची मोटार लाकडाच्या भुशात आणि ग्राइंडिंगच्या लोखंडी धुळीत लवकर मरते. पंखा ती धूळ आत ओढतो, आणि मोटारीने वेग घेतला की स्टार्टिंगची कॉइल बाहेर काढणाऱ्या सेंट्रिफ्यूगल स्विचच्या पॉइंटांमध्ये भुसा अडकला की ती कॉइल जळायला वेळ लागत नाही. उघडी मोटार स्वस्तात मिळालीच तर ती ड्रिलला किंवा पाण्यावर चालणाऱ्या धार-दगडाला द्या.

मिक्सरची मोटार सोडून द्या. ती ब्रशची असते, हजारो फेऱ्यांनी पळते आणि सलग चालण्यासाठी बनलेलीच नसते. समोरून दार असलेल्या जुन्या वॉशिंग मशीनमधली ब्रशची मोटारही त्याच जातीची. तिला लोडशिवाय थेट २३० व्होल्ट दिले तर वेग वाढतच जातो, इतका की आर्मेचर (आतला फिरणारा भाग) उधळू शकतं. सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनची तीन वायरची मोटार साधी आणि सुरक्षित, पण ताकद कमी; लहान पॉलिशिंगला ठीक. कूलरच्या मोटारीत जोर नसतो. मोनोब्लॉक पंपाची मोटार स्वस्त दिसते, पण तिचा शाफ्ट इम्पेलरसाठी बनलेला असतो आणि बहुतेकींना पायही गैरसोयीचे असतात.

दुकानातच करायची तपासणी

नेमप्लेट असेल तर फोटो काढा. व्होल्ट, फेज, अँपिअर, आरपीएम, ड्युटी, इन्सुलेशनचा वर्ग हे सगळं तिथे असतं. ड्युटीच्या जागी 'एस १' असेल तर मोटार सलग चालवायला बनलेली आहे. 'एस २' किंवा 'एस ३' म्हणजे थोडा वेळ चालवून विश्रांती द्यायची.

नेमप्लेट उडालेली असेल तर पट्टी काढा. पायाच्या तळापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची मिलिमीटरमध्ये मोजली की तोच फ्रेमचा आकडा. ७१ फ्रेमला शाफ्ट १४ मिमीचा, ८० ला १९ चा आणि ९० ला २४ चा. थ्री फेज चार पोलमध्ये ७१ ची फ्रेम साधारण अर्ध्या एचपीची, ८० ची पाऊण ते एक एचपीची. सिंगल फेज मोटार त्याच ताकदीला अनेकदा एक फ्रेम मोठी असते, म्हणून नुसत्या आकारावरून एचपी ठरवू नका. शाफ्टचं माप मात्र नक्की लिहून घ्या, कारण पुली आणि चावी (पुली शाफ्टवर घसरू नये म्हणून खाचेत बसणारा पोलादी तुकडा) त्यावरच घ्यायची आहे: १९ च्या शाफ्टला ६ मिमीची चौकोनी चावी, २४ च्याला ८ मिमी रुंदीची.

मग शाफ्ट हाताने फिरवा. तो सहज फिरला पाहिजे आणि हळूच थांबला पाहिजे. आत करकर वाटली तर बेअरिंग गेलंय. ही मोठी गोष्ट नाही. पण शाफ्ट धरून वर-खाली हलवला आणि ठक ठक लागलं तर जास्त काळजी, कारण बेअरिंगसोबत झाकणाची बैठकही खाल्लेली असू शकते. ती लेथवाल्याकडून बुश मारून घ्यावी लागते. टर्मिनलचं झाकण उघडून वास घ्या. जळक्या वार्निशचा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. पाय तुटून वेल्ड केलेला असेल तर ओतीव बॉडीवरचं ते वेल्डिंग पुन्हा सुटणार असं धरून चाला.

दुकानदार चालवून दाखवतो, तेवढ्यावर विसंबू नका. त्याला दोन-तीन वेळा बंद-चालू करायला सांगा. सुरू होताना एक-दोन सेकंदांत आतून 'टक्' असा आवाज आला पाहिजे, आणि बंद करून वेग उतरताना पुन्हा एकदा. तो सेंट्रिफ्यूगल स्विच. मोटार पूर्ण वेगाच्या सुमारे तीन चतुर्थांशावर पोहोचली की तो स्टार्टिंगची कॉइल आणि कपॅसिटर बाहेर काढतो. तीनेक सेकंदांत 'टक्' ऐकू आलं नाही तर तात्काळ बंद करायला लावा.

भावाचा हिशेब असा करा: मोटारीची किंमत, दोन बेअरिंग, एक कपॅसिटर आणि गरज पडली तर पूर्ण भरण्याचा खर्च. हा शेवटचा आकडा रिवाइंडिंगवाल्याला आधीच विचारून ठेवा. ही बेरीज नव्या मोटारीच्या जवळ गेली की स्वस्त मोटार स्वस्त राहत नाही.

घरी आणल्यावर

आधी पुसून घ्या, मग दोन्ही झाकणांवर आणि बॉडीवर पंचने खुणा करून ती उघडा. खुणा केल्या नाहीत तर झाकण मूळ जागी बसत नाही आणि शाफ्ट जड जातो. आतली धूळ कोरड्या ब्रशने काढा. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. या आकारात बहुधा ६२०३, ६२०४ किंवा ६२०५, म्हणजे अनुक्रमे १७, २० आणि २५ मिमी भोकाची. वर्कशॉपच्या धुळीसाठी दोन्ही बाजूंना रबर सील असलेलीच घ्या. जुनी चांगली वाटली तरी बदला. मोटार उघडलेली असताना हा खर्च किरकोळ असतो, नंतर तेच काम दुप्पट त्रासाचं होतं. बसवताना आतल्या रिंगवर पाइप ठेवून ठोका. बाहेरच्या रिंगवर हातोडा पडला की नवं बेअरिंग जागेवरच खराब होतं.

कपॅसिटरला हात लावण्याआधी त्याचे दोन्ही टर्मिनल एखाद्या जुन्या फिलामेंट बल्बच्या वायरींना टेकवून तो रिकामा करा. फुगलेला, तेल सुटलेला असेल तर फेकून द्या. नवा घेताना मायक्रोफॅरड आणि व्होल्ट नेमप्लेटप्रमाणेच घ्या. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लोहार चाळीत सगळी मापं मिळतात.

वाइंडिंग मल्टीमीटरने मोजा. रनिंग कॉइलचा रोध काही ओहमचा असतो, स्टार्टिंगचा त्याहून जास्त. दोन्हींत बॉडीशी सातत्य बिलकुल दाखवायला नको. पण मल्टीमीटर आणि टेस्ट लॅम्प (कॉइल आणि बॉडीमध्ये जोडून बघायचा दिवा) दोन्ही फक्त उघड शॉर्ट पकडतात. दिवा पेटला नाही म्हणजे इन्सुलेशन चांगलं असं होत नाही. त्यासाठी ५०० व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचा मीटर, लागतो. रिवाइंडिंगवाल्याकडे तो असतो, एक मिनिटाचं काम आहे. एक मेगाओहमपेक्षा कमी आलं तर मोटार चालवू नका. पावसाळ्यात गोदामात पडलेली मोटार अनेकदा नुसती ओल धरलेली असते. दोन-तीन दिवस कडक उन्हात किंवा उघडून आत बल्ब लावून वाळवली की आकडा वर येतो. वाळवूनही आला नाही तर ती भरावी लागेल.

सगळं जोडल्यावर मोटार फळीला बोल्टने बांधूनच पहिल्यांदा चालवा. सुरुवातीच्या झटक्याने मोकळी मोटार उडी घेते. नुसती गुणगुणली आणि फिरली नाही तर लगेच बंद करा. बहुतेक वेळा दोष कपॅसिटरमध्ये किंवा स्विचच्या काळवंडलेल्या पॉइंटांत असतो, आणि पॉइंट बारीक पॉलिश पेपरने साफ होतात. चालली की अर्धा तास चालू ठेवून टाँग टेस्टरने (वायरीभोवती चिमट्यासारखा लावायचा मीटर) करंट बघा. एक एचपीची सिंगल फेज मोटार पूर्ण लोडवर साधारण साडेसहा-सात अँपिअर घेते. रिकामी असतानाही ती निम्म्याहून जास्त करंट घेऊ शकते, तेव्हा तो आकडा पाहून घाबरू नका. आरपीएम माहीत नसेल तर पुलीवर चमकणारी पट्टी चिकटवून स्वस्तातल्या डिजिटल टॅकोमीटरने मोजा. रिकाम्या मोटारीला २९८० च्या आसपास आले तर दोन पोल, १४९० आले तर चार, ९९० आले तर सहा.

दिशा उलटी हवी असेल तर प्लगच्या वायरी अदलाबदल करून काही होत नाही. रनिंग कॉइल तशीच ठेवून स्टार्टिंग कॉइलची दोन टोकं आपापसांत बदलायची. त्यासाठी चारही टोकं टर्मिनलपर्यंत आलेली असावी लागतात. नसतील तर मोटार उघडलेली असतानाच ती बाहेर काढून घ्या.

विजेची बाजू

इथे तडजोड नको. बॉडीला अर्थिंग, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळू लागला की लाइट तोडणारा स्विच), १६ अँपिअरचा सॉकेट आणि २.५ चौरस मिमीची तांब्याची वायर. सोबत साधा स्विच नको, नो-व्होल्ट कॉइल आणि ओव्हरलोड रिले (जास्त करंट ओढला की मोटार बंद करणारा भाग) असलेला स्टार्टर हवा. आपल्याकडे लाइट जाते आणि केव्हाही येते. साध्या स्विचवर डिस्क किंवा दगड चालू असताना लाइट गेली, तुम्ही त्यावर वाकून काहीतरी साफ करायला लागलात आणि लाइट आली, तर मशीन तुमच्या हातात सुरू होतं. नो-व्होल्ट कॉइल असली की पुन्हा हिरवं बटण दाबल्याशिवाय मशीन फिरत नाही. शेतातल्या पंपाच्या जुन्या स्टार्टरवर, लाइट आली की मोटार आपोआप सुरू करणारा 'ऑटो' बसवलेला असतो. तो स्टार्टर वर्कशॉपला वापरायचा तर आधी ऑटो काढून टाका. ओव्हरलोड नेमप्लेटवरच्या अँपिअरवर लावा.

मागाची थ्री फेज मोटार घरच्या लाइटवर चालवायची असेल तर आज सर्वात चांगला मार्ग म्हणजे सिंगल फेज इनपुटचा व्हीएफडी, म्हणजे मोटारीचा वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह. तो थ्री फेज २३० व्होल्ट देतो, म्हणून मोटार डेल्टात (तिन्ही कॉइल टोकाला टोक लावून त्रिकोणात) जोडलेली हवी. आपल्याकडच्या लहान ४१५ व्होल्टच्या मोटारी बहुतेकदा आतून स्टारमध्ये (तिन्ही कॉइलचं एकेक टोक एकत्र बांधून) जोडून फक्त तीनच वायरी बाहेर काढलेल्या असतात. मग रिवाइंडिंगवाल्याकडून स्टारचा सांधा सोडवून सहा टोकं बाहेर घ्यायची. एवढं केलं की हातात वेग कमी-जास्त करता येणारं मशीन येतं, आणि यासाठी मला थ्री फेज मोटार सिंगल फेजपेक्षाही प्रिय आहे. फक्त एक सांभाळा: वेग निम्म्याखाली उतरवून बराच वेळ जोर घेतला तर मागचा पंखाही हळू फिरतो आणि मोटार तापते. कपॅसिटर लावून थ्री फेज मोटार सिंगल फेजवर चालवतात, पण त्यात सुमारे एक तृतीयांश ताकद जाते आणि सुरू होतानाचा जोर फार कमी राहतो.

वेगाचं गणित

मोटारीच्या पुलीचा व्यास गुणिले मोटारीच्या फेऱ्या, भागिले मशीनच्या पुलीचा व्यास. ३ इंची पुली, १४४० फेऱ्या, समोर ९ इंची पुली: ४८० फेऱ्या. घरच्या कामाला 'ए' सेक्शनचा पट्टा पुरतो. तो १३ मिमी रुंद असतो आणि ३ इंचापेक्षा लहान पुलीवर त्याला वाकवू नये, लवकर चिरतो. पट्ट्यावरचा 'ए ३६' म्हणजे आतली लांबी ३६ इंच. मोटार बिजागरीच्या फळीवर बसवली तर तिच्या स्वतःच्या वजनानेच पट्टा ताणलेला राहतो.

डिस्क सँडर: पहिलं काम हेच

१४४० ची मोटार हाती आली आणि काय करावं सुचत नसेल तर डिस्क सँडर करा. पट्टा नाही, वेगळी बेअरिंग नाहीत, डिस्क थेट शाफ्टवर. २५० मिमीची डिस्क १४४० वर फिरली की कडेचा वेग सेकंदाला सुमारे १९ मीटर होतो, आणि लाकडाला तो छान मानवतो. २८८० वर तोच वेग दुप्पट होऊन लाकूड काळं पडतं. ९६० ची मोटार असेल तर डिस्क ३०० मिमीची करा.

लेथवाल्याकडून शाफ्टच्या मापाचा हब करून घ्या, त्यात चावीची खाच, चावीवर येणारा एक स्क्रू आणि ९० अंशांवर दुसरा. शाफ्टच्या टोकाला एम ६ चा आटा पाडून बोल्ट आणि वॉशर लावलात तर हब सुटण्याची भीती उरत नाही. हबवर १८ मिमीच्या चांगल्या मरीन प्लायची किंवा ॲल्युमिनियमची डिस्क बोल्ट करा. प्लायची असेल तर ती जागेवरच, मोटार चालू करून, घट्ट टेकू देऊन, पटाशीने किंवा खरखरीत पेपर लावलेल्या फळीने गोल आणि सपाट करा. अशी जागेवर केलेली डिस्क थरथरत नाही.

टेबल डिस्कच्या मध्यापेक्षा किंचित खाली, डिस्कपासून दोन मिमीच्या आत आणि पक्कं ९० अंशांत. डिस्क समोरून पाहताना घड्याळाच्या उलट फिरत असेल तर डावी बाजू खाली जाते. काम नेहमी खाली जाणाऱ्या बाजूलाच धरायचं, म्हणजे तुकडा टेबलावर दाबला जातो. वर जाणारी बाजू तुकडा भिरकावते, तिच्यावर पत्र्याचं झाकण टाका. टेबलाखाली डबा करून व्हॅक्यूम क्लीनरची नळी जोडली तर भुसा छातीत जाण्याऐवजी पिशवीत जातो. मास्क तरीही लावाच. एक नियम कायम पाळा: भुशाचा डबा भरलेला असताना त्याच डिस्कवर लोखंड घासू नका. ठिणगी भुशात धुमसत राहते आणि रात्री आग लागू शकते.

ओला धार-दगड

रंधा, पटाशी, विळा, कोयता यांच्या धारेसाठी हे यंत्र मला सर्वात मोलाचं वाटतं. २५० मिमीचा दगड मिनिटाला ९० च्या आसपास फिरवायचा आणि खालून पाण्यात बुडवत ठेवायचा. वेग कमी, पाणी सतत, त्यामुळे पोलाद तापत नाही आणि धारेचं पाणी उतरत नाही. कोरड्या ग्राइंडरवर एकदा निळी पडलेली धार मऊ होते. तेवढा भाग घासून काढावा लागतो.

१४४० वरून ९० वर यायचं म्हणजे सोळास एक. ते एका टप्प्यात होत नाही. मध्ये एक शाफ्ट घ्या: ३ इंची ते १२ इंची, मग पुन्हा ३ इंची ते १२ इंची. मागाची ९६० ची मोटार असेल तर पहिला टप्पा तोच ठेवून दुसरा ३ इंची ते ८ इंची. मधल्या शाफ्टला आणि दगडाच्या शाफ्टला यूसीपी २०४ ची बेअरिंग ब्लॉक, म्हणजे २० मिमीचा शाफ्ट. १२ इंची पुली प्लायचीही चालते. पाव एचपीची मोटारही हे यंत्र चालवते, म्हणून अशक्त मोटार इथेच खपवा. मोटार दगडाच्या वर किंवा बाजूला, पाण्याच्या शिंतोड्यांपासून दूर. काम संपलं की पाणी काढून टाका. अर्धा दगड पाण्यात राहिला तर एका बाजूने जड होतो.

इतर कामं

२८८० ची मोटार मिळाली असेल तर तिला बफिंग, १५० मिमीचा ग्राइंडिंग दगड किंवा भुसा ओढणारा ब्लोअर द्या. दगड बसवताना त्यावर छापलेला कमाल आरपीएम मोटारीपेक्षा जास्त आहे का ते पाहा. दगड दोरीला लटकवून लाकडी मुठीने हलकेच वाजवा. खणखणीत वाजला पाहिजे. बद्द आवाज आला तर चीर आहे. दोन्ही बाजूंना कागदी वॉशर, दगडाच्या व्यासाच्या किमान एक तृतीयांश फ्लँज (दगड दोन्हीकडून दाबून धरणारी चकती), पक्कं गार्ड, आणि टेकू दगडापासून ३ मिमीच्या आत. नट नेहमी अशा आट्याचा हवा की मोटार फिरताना तो आवळला जाईल. दिशा बदलली की तोच नट सुटू लागतो.

जुनं ड्रिल मशीन मोटारीविना पडलेलं मिळालं तर १४४० ची अर्धा एचपी मोटार आणि पायऱ्यांची पुली लावा. लोखंडात १० मिमीच्या ड्रिलला ९०० च्या आसपास फेऱ्या हव्यात, लहान ड्रिलला जास्त. लाकडाच्या लेथला इंचातला व्यास गुणिले फेऱ्या ६००० ते ९००० मध्ये ठेवायचं: ६ इंची वाटीला १००० ते १५००, आणि ओबडधोबड तुकडा गोल होईपर्यंत त्याहूनही कमी.

गोल पातं मोटारीच्या शाफ्टवर थेट बसवून करवत करण्याचा मोह टाळा. १० इंची पात्याला २८८० फेऱ्या आणि निदान दोन एचपी हवेत. शिवाय रिव्हिंग नाइफ (पात्यामागे चीर उघडी ठेवणारी पट्टी), गार्ड आणि खरोखर समांतर फेन्स (लाकूड सरळ सरकवायचा आधार) नसेल तर लाकूड परत तुमच्याच पोटावर येतं. एक एचपीच्या जुन्या मोटारीवर हे यंत्र उभं राहत नाही.

जळलेली मोटारही वाया जात नाही

कधी कधी बंद बॉडीची, चांगल्या शाफ्टची मोटार जळलेली म्हणून किलोच्या भावाने मिळते. ती भरायची नसेल तर कॉइल कापून काढा आणि तांबं विका. मग नवी बेअरिंग घाला आणि रोटर तसाच राहू द्या. उरतो तो दोन बेअरिंगांत नेमका बसलेला, बॅलन्स केलेला स्पिंडल, आणि असा स्पिंडल लेथवर नव्याने करून घ्यायला बराच खर्च येतो. मागचा पंखा आणि त्याचं झाकण काढलं की तिथे शाफ्टचं बोटभर टोक मिळतं. त्यावर पुली, पुढच्या टोकावर डिस्क, आणि दुसरी चालू मोटार खालून पट्ट्याने. पंख्याच्या बाजूचं टोक आखूड आणि बारीक असतं, त्यामुळे पुली हलकी, ॲल्युमिनियमची घ्या आणि जमेल तितकी झाकणाला चिकटून बसवा. पट्टा हाताने दाबल्यावर बोटभर दबेल इतकाच ताणा.